छापणाऱ्यांकडून मोजणाऱ्यांकडे

अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातला एखादा रेसिडेंट थिसिसवरून शोधनिबंध लिहायला बसला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, हे जर्नल इंडेक्स्ड आहे ना?’ काय छापले यापेक्षा ते कुठल्या यादीत बसते, ही काळजी आजची वाटते. तिचा माग काढायचा तर आपल्याला दोनशे वर्षे मागे, कलकत्त्याला जावे लागते.

तिथल्या ‘मेडिकल अँड फिजिकल सोसायटी’ने १८२५ मध्ये आपल्या ‘ट्रान्झॅक्शन्स’चा पहिला खंड काढला, मुंबईच्या त्याच नावाच्या संस्थेने १८३८ मध्ये. लिहिणारे बहुतेक कंपनीचे सर्जन आणि वाचणारेही तेच. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १८६६ मध्ये कलकत्त्यातच ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ हे मासिक सुरू झाले. दूरच्या ठाण्यावरच्या डॉक्टरांनी पाहिलेली पटकी, हिवताप, मुतखडा, सर्पदंश, सारे त्यात येई. मोठेपणाचा शिक्का मात्र लंडनचा. वेकली या डॉक्टरने काढलेले ‘लॅन्सेट’ तिथे १८२३ पासून निघत होते. या साऱ्या छापखान्यांच्या गर्दीत १८७९ मध्ये वॉशिंग्टनला जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी सर्जनाने निराळेच काम हाती घेतले. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापून येते, त्याची विषयवार यादी तो दरमहा काढू लागला. ‘इंडेक्स मेडिकस’ हे तिचे नाव. तिला जन्म देणारे सर्जन जनरलचे ग्रंथालय पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झाले आणि आज रेसिडेंट मोबाईलवर उघडतो ते पबमेड याच ग्रंथालयाचे.

आता १९५५ या सालापाशी आपण जरा थांबू. नव्वदीला टेकलेले ‘गॅझेट’ त्या वर्षी बंद पडले. मुंबईत के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजच्या स्टाफ सोसायटीने ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ त्याच वर्षी सुरू केले. सरकारचे नव्हे, कंपनीचे नव्हे, शिकवणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या हिमतीवर काढलेले. आणि अमेरिकेत माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफिल्डने ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून सुचवले, की कोणाच्या लेखाचा दाखला कोणी दिला हे मोजता येईल. या तिघांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती. पण १९६४ पासून गारफिल्डची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागली, तिच्यातून जर्नलची पत दाखल्यांवरून मोजणारा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला, आणि संपादकाची पत छापणाऱ्याकडून मोजणाऱ्याच्या हाती गेली. मला हे स्थित्यंतर छपाईच्या शोधाइतकेच मोठे वाटते.

मोजणीत प्रादेशिक जर्नलची गोची अशी, की ते कोणाच्या हाती पडत नाही म्हणून त्याचा दाखला कोणी देत नाही, आणि दाखला नाही म्हणून चांगला लेखक तिकडे फिरकत नाही. या चक्रातून वाट काढली ती के.ई.एम.च्याच जर्नलने. बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांनी मुंबईत ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था उभारली आणि हे जर्नल इंटरनेटवर सर्वांना मोफत खुले केले. लेखकाकडूनही पैसे नाहीत; खर्च छापील अंकांच्या वर्गणीवर. २००५ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत साहू आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले: खुले झाल्यावर दाखले वाढले आणि पहिला दाखला मिळायला लागणारा वेळ घटला. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे जर्नलही पुढे याच वाटेने गेले. २०११ मध्ये शंभराहून अधिक नियतकालिकांसह ‘मेडनो’ वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीने घेतली. व्यवहार म्हणून ठीक; पण घरची चूल परक्या ओसरीवर गेल्याची हुरहुर लागतेच.

अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चे, अकोल्याचे शासकीय २००२ चे; म्हणजे वऱ्हाड या गोष्टीत उशिरा शिरला. तोवर अध्यापकांच्या पदोन्नतीला शोधनिबंध सक्तीचे होऊ लागले होते, आणि ‘पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या’ म्हणणारी दुकाने देशभर उघडली. मेडिकल कौन्सिलने २०१५ मध्ये मान्य सूचींची यादी दिली, तिच्यातल्याही काहींवर आक्षेप आले.

अमरावती-अकोल्यातून उद्या कोणी जर्नल काढायचे म्हटले, तर आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक मिळवणे सर्वांत सोपे. पुढे उत्तर न देणाऱ्या परीक्षकांना पुनःपुन्हा फोन, आणि तिमाही अंक त्याच तिमाहीत, तोही वर्षानुवर्षे. लेखांची ददात मात्र नाही: मेळघाटातले कुपोषण आणि सिकलसेल, कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा, आणि ‘गॅझेट’च्या काळापासून चालत आलेला सर्पदंश.