‘व्हिलन’चे मूळ गाव

पत्त्यांच्या जोडात राजा, राणी आणि त्यांच्या हाताखाली गुलाम. याच पानाला इंग्रज पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत. कोशात ‘नेव्ह’चा अर्थ मिळतो लबाड, बदमाश. पानावरचा तो तरुण कसलीही लबाडी करताना दिसत नाही, मग त्याला हे नाव का? माझे इंग्रजी शाळेपुरतेच; पुढचे कोशांनी शिकवले. या प्रश्नाने मला त्या कोशांत बरीच वर्षे गुंतवून ठेवले.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता नुसता ‘मुलगा’. जर्मन भाषेतला त्याचा भाऊबंद ‘क्नाबे’ आजही मुलगाच आहे. इंग्लंडात मात्र मुलाचा झाला घरगडी आणि घरगड्याचा झाला लबाड. पत्त्यातला नेव्ह मधल्या पायरीवरचा, म्हणजे चाकर. आपल्या गुलामाशी त्याची गाठ पडते ती तिथेच.

‘व्हिलन’ची कथा अशीच, पण अधिक बोलकी. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतीवाडी आणि तिथे राबणारा तो ‘व्हिलानुस’. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने जमीनमहसुलाची मोठी नोंदवही करविली, तिच्यात सर्वांत मोठा गट या कुळांचा आहे. पुढे हा माणूस जमिनीला बांधला गेला. धन्याच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नसे, मुलीच्या लग्नासाठीही धन्याला पैसे मोजावे लागत. याच माणसाच्या नावाला आधी ‘रानवट’, मग ‘हलक्या मनाचा’ आणि शेवटी ‘दुष्ट’ असा अर्थ चिकटला. ती वेठ संपली, शिवी उरली. आपण त्याला खलनायक म्हणतो, तेव्हा त्याच्या हातातला नांगर आपल्याला दिसत नाही.

एकदा हा धागा सापडला की माळच हाती येते. ‘चर्ल’ म्हणजे आज असंस्कृत माणूस. मूळचा तो स्वतंत्र शेतकरी. नॉर्मन येण्यापूर्वीच्या वेसेक्सच्या कायद्यात त्याच्या खुनाची भरपाई २०० शिलिंग होती, सरदाराच्या खुनाची १२००. ‘बोअर’ म्हणजे उद्धट, पण मूळचा शेतकरीच. ‘नॉटी’ म्हणजे आधी ज्याच्याकडे काही नाही तो, मग दुराचारी आणि आता केवळ खोडकर मूल. उलट ‘नोबल’, ‘जंटल’, ‘जनरस’ हे सद्गुणांचे शब्द मुळात उच्च कुळाचे दाखले होते. शब्दांचे अर्थ ठरवणारी लेखणी कोणाच्या हाती होती, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून वाईट वागण्याच्या इंग्रजी शब्दांचे मी दोन ढीग करतो. एका ढिगात कृत्याचे वा सवयीचे शब्द : ‘सिन’ म्हणजे देवाविरुद्धचे पाप, ‘व्हाइस’ म्हणजे अंगवळणी पडलेले व्यसन, ‘क्राइम’ म्हणजे राज्याने शिक्षेला पात्र ठरवलेले कृत्य. दुसऱ्या ढिगात माणसाचे शब्द : ‘नेव्ह’, ‘व्हिलन’, ‘चर्ल’. पहिल्या ढिगातला शब्द लागायला काहीतरी करावे लागते. दुसऱ्यातला लागायला एके काळी नुसते जन्माला येणे पुरेसे होते.

हा भेद कोशापुरता राहिला असता तर मी लिहायला बसलो नसतो. इंग्लंडच्या कायद्यात गुन्ह्यांचे दोन मुख्य वर्ग होते. ‘फेलनी’ म्हणजे मालमत्ताही जप्त होईल असा भारी गुन्हा आणि ‘मिसडिमीनर’ म्हणजे त्याहून हलका. ही विभागणी तिथे १९६७ पर्यंत टिकली. पण मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेल्या आणि १८६० मध्ये संमत झालेल्या भारतीय दंड संहितेने ती घेतलीच नाही. तिने ‘ऑफेन्स’ हा एकच शब्द धरला. कायद्याच्या मराठीत तो ‘अपराध’ आहे. अपराध म्हणजे कायद्याने दंडनीय ठरवलेली गोष्ट. ती कोणी केली, तो कोणत्या कुळातला, याच्याशी व्याख्येला कर्तव्य नाही.

आणि अवघ्या ११ वर्षांनी, १८७१ मध्ये, त्याच सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. संबंध जमातच गुन्हेगार. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याखाली आला. सोलापूरची सेटलमेंट त्याच काळाची खूण. मध्ययुगातल्या व्हिलनला गाव सोडता येत नव्हते म्हणून तो व्हिलन होता. इथे ज्यांना आधी व्हिलन ठरवले, त्यांना मग गाव सोडण्याची बंदी झाली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. त्यानंतर दोन दशकांनी मी शाळेत होतो. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली की गुरुजींची नजर आधी शेवटच्या रांगेतल्या एका पारध्याच्या मुलाकडे जाई. त्याने काय केले, हे कोणी विचारत नसे.

मराठीही यातून सुटलेली नाही. ‘ग्राम्य’ आणि ‘गावंढळ’ यांत गाव आहे, ‘नीच’ म्हणजे मुळात नुसता खालचा. पण याच भाषेत ज्ञानदेवांनी पसायदान मागितले. खळ नाहीसे व्हावेत असे त्यांनी मागितले नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले. माणूस आणि त्याचे वागणे यांतली फट त्यांनी सातशे वर्षांपूर्वी उघडी ठेवली होती. १८७१ च्या कायद्याने ती बुजवली, आणि आमच्या वर्गातही ती बुजलेलीच होती.