गाडीचं फायबर पॅनेल तडकलंय? नुसती पुट्टी भरून भागत नाही

गाडीची बॉडी म्हणजे पत्राच, असं आपण धरून चालतो. पण १९५३ ची पहिली शेव्हर्ले कॉर्व्हेट असो की ऐंशीच्या दशकात बंगळुरूत बनलेली सिपानी डॉल्फिन, दोन्हींची बॉडी फायबरग्लासची. जीपवर बाहेरून बसवलेले कडक टपही बऱ्याचदा याच मटेरियलचे असतात. काचेचे धागे आणि रेझिन एकत्र येऊन ते बनतं, म्हणून त्याला कंपोझिट म्हणतात. ताकद धाग्यांची असते, रेझिन त्यांना धरून ठेवतं.

पत्रा चेपतो, फायबर तडकतं. तडा खोल गेला म्हणजे आतले धागे तुटले. पुट्टी आणि रंगाने तडा झाकला जातो, धागे जोडले जात नाहीत. मी मामाच्या जुन्या जीपच्या टपावर नेमकं हेच केलं होतं. महिनाभरात त्याच जागी रेघ परत हजर!

आधी नीट बघा

आजकालचे बहुतेक बंपर फायबरचे नसून पॉलीप्रॉपिलीनचे असतात. आतल्या बाजूला ‘पीपी’ असा ठसा दिसला तर थांबा, त्यावर फायबरचं रेझिन धरत नाही. तिथे प्लास्टिक वेल्डिंग लागतं. तड्याच्या कडेला केसांसारखे धागे दिसले तर ते फायबर. मोबाइलचा टॉर्च लावून तडा मागच्या बाजूपर्यंत पोचलाय का बघा. नाण्याने हलकेच ठोका. आवाज बद्द आला तिथे आतले थर सुटलेत.

दुरुस्ती

घासण्याआधी साबण आणि मग अ‍ॅसिटोनने पुसून घ्या, नाहीतर मेण-ग्रीस आत घासलं जातं. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा उतरत्या करा. उतार पॅनेलच्या जाडीच्या साधारण १२ पट हवा, म्हणजे ३ मिमी जाडीला दोन्ही बाजूंना साडेतीन सेंमी. एवढं घासायचं जिवावर येतं, पण नवे धागे चिकटायला जागा तिथेच मिळते.

मागून फायबर मॅटचे दोन-तीन थर रेझिनमध्ये भिजवून लावा, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा थोडा मोठा. ब्रशने टोचून हवेचे बुडबुडे काढा. ते कडक झाल्यावर पुढचा उतार तसाच भरा. पुट्टी सगळ्यात शेवटी आणि पातळ.

पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर सहसा १ ते २ टक्के लागतो. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. एकदम मगभर कालवू नका, ते तापून धूर सोडतं. कारखान्यात साच्यात दाबून बनवलेल्या एसएमसी पॅनेलवर पॉलिएस्टर नीट टिकत नाही, तिथे इपॉक्सी घ्या आणि मॅटऐवजी विणलेलं कापड वापरा. मॅटमधला बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत ते नसतं.

हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे गॉगल आणि हातमोजे हवेतच. हार्डनर आणि अ‍ॅक्सिलरेटर थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. एन९५ मास्क धूळ अडवतो, स्टायरीनची वाफ नाही. काम उघड्यावर करा.

तडा बिजागरीपाशी किंवा सीटबेल्टच्या बोल्टपाशी असेल तर मात्र हे घरी करू नका, फायबरचं काम करणाऱ्या कारागिराकडे गाडी न्या.