जलबालकाचे रूपक

गर्भपातानंतरच्या दुःखाला जपानने जे दृश्यरूप दिले, त्याचा इतिहास रूपकविचाराच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. ‘मिझुको’ म्हणजे जलबालक. जन्माला न आलेल्या वा जन्मतःच गेलेल्या मुलासाठी हा शब्द वापरतात. गर्भ पडला की पाडला, हे तो विचारीत नाही. मराठीत ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांतील एक काना कर्तृत्व, आणि त्यापाठोपाठ दोष, बाईच्या पदरी टाकतो. जलाच्या कल्पनेत आकार घेण्यापूर्वीची अवस्था सूचित होते, आणि परतीची वाटही.

या बालकांचा कैवारी जिझो, म्हणजे संस्कृतातील क्षितिगर्भ बोधिसत्त्व. (नावातच गर्भ आहे, हे आपल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.) लोककथेनुसार परलोकीच्या कोरड्या नदीकाठी मृत बालके दगडांवर दगड रचतात, राक्षस ते मोडतात आणि जिझो मुलांना आपल्या वस्त्रात लपवतो. तोक्योच्या झोजोजी आणि कामाकुराच्या हासेदेरा या मंदिरांत लहानग्या जिझोमूर्तींच्या रांगाच आहेत. झोजोजीत तर मूर्तींना लाल टोपडी घातलेली आणि शेजारी भिरभिरी खोचलेली. मस्तक मुंडित, चेहरा मात्र बाळाचा. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर येथे एका उपमानाने दोन उपमेये पेलली आहेत : हरवलेले मूल आणि त्याचा रक्षक. टोपडे घालणारे हात मुलाला सजवतात, आणि त्याच कृतीत त्याला कुणाच्या तरी स्वाधीन करतात. विल्यम लाफ्लर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या द्व्यर्थाकडे लक्ष वेधले, ते मार्मिक आहे.

परंतु या विधीचे आजचे रूप पुरातन नाही. गर्भपाताला कायद्याची वाट १९४८ साली मिळाली. विधीची लाट आली ती १९७० च्या दशकात. केवळ जलबालकांना वाहिलेले चिचिबूचे मंदिर १९७१ चे. हेलन हार्डेकर यांनी १९९७ साली दाखवून दिले की, सवंग साप्ताहिकांनी आणि काही धर्मव्यावसायिकांनी गर्भाच्या कोपाची भीती पसरवून हा विधी विकला. येथे उपमेयच पालटते : परत गेलेले मूल सूड घेणारे भूत होते, आणि टोपड्याचा दंड होतो. जिला दुःख झालेच नाही, तिलाही ते झाले पाहिजे असे बजावले जाते. लाफ्लर यांच्या विवेचनात ही बाजू फिकी पडली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जोदो शिन या मोठ्या बौद्ध पंथाने तर कोपाची ही कल्पनाच धर्मबाह्य ठरवून विधी नाकारला.