ले-ऑफ म्हणजे काढून टाकणे नव्हे

एखाद्या मोठ्या कंपनीने हजारो लोकांचा 'ले-ऑफ' केला, ही बातमी आता महिन्या-दोन महिन्यांनी येतेच. वाचणारा समजतो, नोकऱ्या गेल्या. अमेरिकेपुरते ते खरेही असेल. आपल्या कायद्यात मात्र हा शब्द नोकरी गेलेल्यासाठी नव्हताच, तो नोकरी शाबूत असलेल्यासाठी होता.

१९५३ साली कापड गिरण्यांत माल साचू लागला आणि हजारो कामगारांना घरी बसवण्याची वेळ आली. तेव्हा १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करून ले-ऑफची व्याख्या घातली गेली. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, यंत्र बिघडले, माल पडून आहे, अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही. पण कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम आहे आणि त्याला कमीही केलेले नाही. कायमचे कमी करण्याला कायद्यात वेगळा शब्द आहे, रिट्रेंचमेंट. त्याची नोटीस वेगळी, भरपाईही वेगळी.

ले-ऑफचे नियम बारीक होते. कामगाराने पाळीच्या वेळी फाटकावर हजर व्हायचे. दोन तासांत काम मिळाले नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ धरायचा. एक वर्षाची सलग नोकरी असेल, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळे. एकदाही हजर झाला नाही, तर त्या दिवसाचे काही नाही. बदली कामगार यातून बाहेर, पण वर्ष भरले की तोही आत. गिरणी कामगाराच्या घरात या निम्म्या पगारावर किराणा भागे.

नागपुरात १८७७ साली जमशेदजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली. कामगारांसाठी पेन्शन फंड आणि अपघात भरपाई तिथे कायद्याची सक्ती नसतानाच सुरू झाली, हे टाटांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. हजेरीपटावर नाव असण्याचे मोल या शहराने तिथे पाहिले.

आता त्याच शहरातल्या मोमिनपुऱ्याकडे या. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमिन विणकर नागपूर, कामठी, मालेगाव, भिवंडीत स्थिरावले. नागपुरात त्यांच्या जोडीला कोष्टी होतेच. माग घरात, सूत व्यापाऱ्याचे, मजुरी नगावर. सूत महागले की माग थांबे. कारण तेच, कच्चा माल नाही. पण मालक कोण, फाटक कुठले, हजेरीपट कुणाचा? गिरणीतला माणूस ले-ऑफवर असे, घरातला विणकर नुसताच बेकार.

हा 'बेकार' शब्द फारसीतून आला. बे-कार, म्हणजे काम नसलेला, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत तो घसरत घसरत 'टाकाऊ' झाला. बेकार सिनेमा, बेकार रस्ता, बेकार पोरगा. काम न मिळणे हा माणसाचाच दोष, असा निकाल आपण एका शब्दात देऊन टाकला. 'रोजगार'चा प्रवास उलटा. फारसीत त्याचा अर्थ काळ, जमाना; इकडे येऊन त्याला पोटापाण्याचा अर्थ लागला. तसेच लॉकआऊटसाठी असलेली 'टाळेबंदी' कोरोनात लॉकडाऊनला चिकटली, आणि गिरणीच्या फाटकाला लागलेले कुलूप नव्या पिढीला त्या शब्दात दिसेनासे झाले.

ज्यांच्यासाठी कायदा होता, त्यांनाही तो पुरेसा पडला नाही. भरपाईचा नियम मुळात पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना. सरकारच्या परवानगीशिवाय ले-ऑफ किंवा कारखाना बंद करता येत नाही, ही अट पुढे १०० कामगारांवर आली होती. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३००वर नेली. एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद झाली. तिच्या जागेवर आता मॉल आहे.

मोमिनपुऱ्यातली बरीच तरुण पोरे आज मोटारसायकलवर जेवणाची पाकिटे पोचवतात. कंपनीच्या लेखी ते कामगार नाहीत, 'पार्टनर' आहेत. काम थांबले की त्यांना ना ले-ऑफ मिळतो, ना रिट्रेंचमेंट. ते एवढेच सांगतात, आयडी बंद झाली.