रत्नागिरीत एक दिवस पायी

आपल्या परभणीकडे गोदावरी आहे, दुधना आहे, समुद्र नाही. म्हणून रत्नागिरीत उतरल्या उतरल्या आम्ही बचतगटाच्या बायका पायीच निघालो.

आधी रत्नदुर्ग. तीन बाजूंनी पाणी, आत भगवतीचं देऊळ, जवळच मिरकरवाड्याचं मासळीचं बंदर. मग गावात पतितपावन मंदिर. भागोजी कीरांनी १९३१ साली बांधलेलं, सगळ्या जातींना खुलं.

दुपारी चढण चढून थिबा राजवाड्यावर पोचलो. पाय पार दुखले! थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह इथे आणून ठेवलं. वाडा १९१०चा. १९१६ साली राजा इथेच वारला.

आम्ही जास्त बोललो ते टुटूबद्दल. थोरल्या राजकन्येची ही लेक. वडील गोपाळ सावंत वाड्यावर नोकरीला. १९१९ साली राजाचं कुटुंब मायदेशी परतलं, पण थोरली लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. राजाची नात मराठीच बोलायची. तिनं गोवऱ्या थापल्या, कागदाची फुलं करून विकली.

गटातल्या एक काकू म्हणाल्या, "राजाच्या नातीच्या नावावर एक खोली नाही? मग आपल्या सातबाऱ्याचं काय?"

उतरताना कोणी हसलं नाही. खाली भाट्याच्या खाडीत होड्या परतत होत्या, आणि आम्ही एकमेकींना विचारत होतो, कुणाकुणाचं नाव घरावर लागलंय.