बंदूक साडेसतराव्या वर्षी, परवाना पंचविसाव्या वर्षी!
मद्यप्राशनाचे आणि सैन्यभरतीचे वय एकच असावे का?

ठाणे : साडेसतराव्या वर्षी तरुणाला सैन्यात भरती होता येते. अठराव्या वर्षी तो मतदान करू शकतो आणि मोटार चालवण्याचा परवाना काढू शकतो. एकविसाव्या वर्षी त्याला विवाह करता येतो. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूकही लढवता येते. मात्र व्हिस्की अथवा रम पिण्याचा परवाना महाराष्ट्रात त्याला मिळतो तो पंचविसाव्या वर्षी. आमदारकीची निवडणूक लढवण्यासाठी राज्यघटनेने ठरवलेले किमान वयही तेवढेच आहे.

‘देशासाठी प्राण देण्याइतका जो मोठा आहे, तो एक पेला घेण्याइतका मोठा का नाही?’ हा प्रश्न जगभर विचारला जातो. ठाणे जिल्ह्यात तो निव्वळ वादविवादाचा विषय राहिलेला नाही. २०२२ मध्ये मुंब्रा-कौसा येथे अग्निवीर भरतीचा मेळावा झाला होता. चार वर्षांची सेवा संपवून परतणारे अनेक अग्निवीर त्या वेळी पंचविशीच्या आतच असतील.

नियम काय सांगतो?

राज्यात मद्याचे नियमन १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानुसार होते. आता तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. नावातच दारूबंदी असलेल्या या कायद्याचे मूळ सूत्र सरळ आहे : मद्य बाळगणे आणि पिणे निषिद्ध, परवाना असेल तरच मुभा. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री असलेले मोरारजी देसाई हे या धोरणाचे प्रमुख पुरस्कर्ते होते. साठ आणि सत्तरच्या दशकांत बंदी शिथिल होत गेली, परंतु परवान्याची चौकट कायम राहिली. बारच्या पाट्यांवर आजही दिसणारा ‘परमिट रूम’ हा शब्द तिचीच खूण आहे.

विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजीवन परवाना १००० रुपयांत मिळतो, अशी ही व्यवस्था अनेक वर्षे चालत आली. २०११ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने व्यसनमुक्ती धोरण मंजूर केले. कडक मद्यासाठी २५ वर्षे आणि सौम्य बीअरसाठी २१ वर्षे ही मर्यादा तेव्हा ठळकपणे चर्चेत आली. अभिनेता इम्रान खान यांनी त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात या मर्यादेविरुद्ध जनहित याचिका दाखल केली. मत देणाऱ्या आणि संसार थाटणाऱ्या सज्ञान नागरिकाला हा निर्णय स्वतः घेता यावा, असा त्यामागील युक्तिवाद होता. मर्यादा मात्र कायम राहिली.

सैनिकांना १९४९ पासूनच सवलत

या वादात एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. महाराष्ट्राच्या कायद्याने सैनिकाला आरंभापासूनच वेगळे मानले आहे. अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये युद्धनौका, सैनिकवाहू जहाजे आणि सशस्त्र दलांची मेस व कँटीन येथे विदेशी मद्य घेण्यास परवानगी देण्याची तरतूद आहे.

कायदा लागू झाल्यावर फ्राम नसरवानजी बलसारा यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. सामान्य नागरिकाला बंदी आणि सैनिकाला मुभा, हे समानतेच्या हक्कात बसते काय, हा त्यातील एक मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ या खटल्यात निकाल दिला. औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त पदार्थांबाबतच्या काही तरतुदी रद्द झाल्या, बहुतांश कायदा टिकला आणि सैन्याची सवलतही वैध ठरली. सशस्त्र दलांची स्वतःची परंपरा व जीवनपद्धती असते आणि दीर्घ अनुभवातून तयार झालेल्या नियमांनी ती बांधलेली असते, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

या निकालातील तर्क लक्षात घेण्यासारखा आहे. सैनिकाला सवलत मिळाली ती तो वयाने मोठा आहे म्हणून नव्हे, किंवा तो प्राण पणाला लावतो त्याचे बक्षीस म्हणूनही नव्हे. तो शिस्तीच्या चौकटीत राहतो, हा तिचा आधार होता. मेसमध्ये किती आणि केव्हा घ्यायचे यावर वरिष्ठांचे लक्ष असते. दुसऱ्या दिवशी पहाटे कवायतीला उभे राहायचे असते.

दोन वये जुळत का नाहीत?

याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. संरक्षण हा केंद्राच्या सूचीतील विषय आहे, तर मद्याचे उत्पादन, विक्री आणि बाळगणे हा राज्यसूचीतील. भरतीचे वय दिल्लीत ठरते, परवान्याचे वय मुंबईत. एकाने विचार करायचा तो शारीरिक क्षमता, प्रशिक्षणाचा काळ आणि दलाचे सरासरी वय यांचा. दुसऱ्याने सार्वजनिक आरोग्य, महसूल आणि घटनेच्या अनुच्छेद ४७ चा. मादक पेयांचे सेवन रोखण्यासाठी राज्याने प्रयत्न करावेत, असे हे मार्गदर्शक तत्त्व सांगते.

परिणामी देशभरात एक वय नाही. शेजारच्या गोव्यात मर्यादा १८ वर्षांची आहे. सावंतवाडी किंवा दोडामार्गचा अठरा वर्षांचा तरुण सीमा ओलांडून ज्या दुकानात कायद्याने ग्राहक ठरतो, तसल्याच दुकानात स्वतःच्या जिल्ह्यात त्याला आणखी सात वर्षे थांबावे लागते. केरळने २०१७ मध्ये वय २१ वरून २३ केले. हरियाणाने त्यानंतरच्या काळात २५ वरून २१ पर्यंत खाली आणले. गुजरात आणि बिहारमध्ये बंदीच आहे. महाराष्ट्राच्या आतही वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली.

अमेरिकेचा धडा

हा युक्तिवाद सर्वाधिक गाजला तो अमेरिकेत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अठरा वर्षांच्या तरुणांना सक्तीने सैन्यात पाठवले जात होते, पण मतदानाचे वय २१ होते. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने ते १८ झाले आणि त्याच लाटेत अनेक राज्यांनी मद्यप्राशनाचे वयही खाली आणले. नंतर तरुण चालकांच्या प्राणघातक अपघातांत वाढ दिसू लागली. १९८४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. वय २१ न करणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीत कपात होईल, असे त्यात बजावले गेले आणि हळूहळू सर्व राज्ये २१ वर आली. अमेरिकेत लष्करी तळांवरही सर्वसाधारणपणे त्या राज्याचेच वय लागू होते. गणवेशासाठी वेगळी मोजपट्टी तेथे ठेवलेली नाही.

ब्रिटनमध्ये पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी सैन्यात जाता येते, मद्य खरेदी मात्र अठराव्या वर्षी. थोडक्यात, दोन्ही वये तंतोतंत जुळवण्याचा आग्रह मोठ्या लोकशाही देशांनीही धरलेला नाही.

दोन्ही बाजू

वय कमी करावे असे म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा सुसंगतीचा आहे. सज्ञानता एकच असावी. जबाबदाऱ्या अठराव्या वर्षी आणि मोकळीक पंचविसाव्या वर्षी, ही विभागणी अन्यायकारक आहे, असे ते मानतात. जो नियम सर्रास मोडला जातो तो कायद्याविषयीचा आदरच कमी करतो, हा त्यांचा दुसरा मुद्दा.

विरोधकांचे म्हणणे असे की प्रत्येक परवानगीचे वय तिच्या धोक्यानुसार ठरते. मेंदूतील संयम आणि निर्णयक्षमतेशी संबंधित भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत सुरू असते, हे वैद्यकशास्त्राने दाखवले आहे. शिवाय सैनिक एकटा निर्णय घेत नाही; त्याच्यामागे प्रशिक्षण, वरिष्ठ आणि आज्ञा यांची साखळी असते. रात्री घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शिळ मार्गावर दुचाकी दामटणाऱ्या तरुणामागे अशी कोणतीही साखळी नसते.

१९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. अपघातापूर्वी त्याला मद्य पुरवल्याच्या आरोपावरून संबंधित बारवर कारवाई झाली. मर्यादा २५ असो वा २१, ती दारातच रोखली गेली नाही तर आकड्याला अर्थ उरत नाही, हे त्या घटनेने साऱ्या राज्याला दाखवून दिले.

ठाणे-कल्याणचे वास्तव

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली आणि उल्हासनगर येते. या पट्ट्याचे सैन्याशी जुने नाते आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीतच फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. दारूबंदीचा कायदाही त्याच वर्षीचा.

कायद्याप्रमाणे दुकानातून बाटली घेणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा. प्रत्यक्षात काउंटरवर वयाचा पुरावा मागितला जाण्याचे प्रसंग विरळच असतात. एकतीस डिसेंबरच्या रात्री नाक्यानाक्यावर श्वासचाचणी होते, परंतु ती असते रक्तातील अल्कोहोलसाठी; १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की चालकावर मोटार वाहन कायद्याखाली कारवाई होते. चालकाचे वय पंचवीस आहे काय, हे तेथे तपासले जात नाही. खाडीकिनारी कांदळवनाच्या आडोशाने चालणाऱ्या हातभट्ट्यांवर वारंवार छापे पडतात. तेथील विक्रेता तर गिऱ्हाईकाचे वय विचारण्याचा प्रश्नच नसतो.

बालकांच्या बाबतीत मात्र कायदा कठोर आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साडेसतरा वर्षांचा नवा भरती झालेला मुलगाही वयाने या कायद्याच्या व्याख्येतील बालकच असतो.

अग्निवीर परतल्यावर

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. तिच्यानुसार सेवेचा काळ चार वर्षांचा आहे आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम सेवेत घेतले जाते. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ अखेरीस आणि २०२७ च्या आरंभी पूर्ण होतात. साडेसतराव्या वर्षी गेलेला तरुण साडेएकविसाव्या वर्षी घरी येतो; विसाव्या वर्षी गेलेला चोविसाव्या वर्षी. योजनेच्या अटींनुसार अशा अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा किंवा लष्करी कँटीनची सुविधा मिळत नाही. सेवेत असताना ज्याला मेसमध्ये मुभा होती, तो डोंबिवलीच्या फलाटावर उतरला की त्याला बीअरचा परवाना मिळतो. रमसाठी मात्र वाढदिवसांची वाट पाहावी लागते.

ही विसंगती खटकणारी आहे, यात शंका नाही. तथापि भरतीचे वय परवान्याला चिकटवल्याने ती सुटेल असे नाही. मेसमध्ये जे काम करते ते वय नसून देखरेख आहे, आणि ती देखरेख दुकानाच्या काउंटरवर अधिसूचनेने आणता येत नाही. सैनिकाइतके वय सर्वांना लागू केले तर सवलत पसरेल, शिस्त मात्र मागेच राहील. दुसरीकडे, कोणी तपासतच नसलेला २५ हा आकडाही तरुणांचे संरक्षण करत नाही. तो केवळ कायदा पाळणाऱ्याला अडवतो आणि न पाळणाऱ्याला सोडून देतो.

राज्य सरकारने उद्या मर्यादा २१ वर आणली किंवा २५ वर कायम ठेवली, तरी दुकानात आणि परमिट रूममध्ये ओळखपत्र पाहिले जाते काय, हाच खरा प्रश्न राहील. त्याचे उत्तर ‘होय’ असे झाले, तरच वयाच्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ असेल.