कंठ कोणाचा, कळ कोणाची?

जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली रामनवमीस ते येथे जन्मले. या गावाचे नाव घेताच आम्हांस त्यांच्या शिष्या वेणाबाई आठवतात. अल्पवयात वैधव्य आलेल्या या स्त्रीला समर्थांनी उभे राहून कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली, असे संप्रदायात सांगतात. गावेसे पुष्कळांना वाटते. लोकांपुढे उभे कोणी राहावे, हे मात्र दुसरेच ठरवितात.

यंत्र आले आणि तोच प्रश्न नव्या वेषात पुढे आला. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर बैठकी केल्या. गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. स्त्रीच्या कंठाला यंत्राने इतके दूर नेले. पण यंत्राची कळ तिच्या हाती क्वचितच आली.

म्हणूनच आम्ही गीता साराभाईंचे नाव आदराने घेतो. बाई पखवाज शिकलेल्या. १९४६ साली न्यूयॉर्कला त्यांनी जॉन केज या संगीतकाराला हिंदुस्थानी संगीताचे पाठ दिले. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या स्पंदनांतून स्वर घडविणारे यंत्र आले, तेव्हा त्यावर बाईंनीही रचना केल्या. त्या ध्वनिफिती पुढे कित्येक वर्षे कपाटात पडून राहिल्या. २०२३ साली त्यांचा संग्रह निघाला. त्यातील पाच हिंदी रचनाकारांत स्त्री ही एकच.

परदेशीही वाट सोपी नव्हती. त्याच जातीच्या यंत्रावर बाखचे संगीत वाजवून वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली जगाला चकित केले. ती तबकडी मात्र त्यांच्या आधीच्या पुरुषी नावाने निघाली. आपण पारलिंगी स्त्री आहोत, हे त्यांना १९७९ पर्यंत उघडपणे सांगता आले नाही.

आज ते काम साधा संगणकही करतो. तेव्हा यंत्र महाग आहे ही सबब पूर्वीइतकी टिकत नाही. घरात एकच संगणक असला तर तो आधी मुलाच्या हाती जातो की मुलीच्या, आणि या दोहोंत न बसणाऱ्या लेकराला त्याच्यापाशी बसू देतात की नाही, एवढेच पाहावयाचे. वेणाबाईंना उभे राहण्याची अनुज्ञा कोणी तरी दिली, म्हणून त्यांचे कीर्तन लोकांच्या कानी पडले. आपल्या घरात ती अनुज्ञा देणे आपल्याच हाती आहे.